तिसऱ्या दिवशीचं पाणी

३ मार्च

धाकटे,

फोन उचलत नाहीस. ठीक आहे. पत्र वाजत नाही, ते टेबलावर गुपचूप पडून राहतं, आणि बंद पाकीट तुला दोन दिवसांच्या वर बघवत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आधी कामाचं. आईला पुन्हा सहलीला जायचंय. तिथेच, तळ्याकाठच्या त्याच भाड्याच्या घरात. मी म्हटलं, एवढं मोठं जग पडलंय, दुसरं काही सुचत नाही का तुला? तर म्हणाली, "तिथले तीन दिवस किती छान गेले होते. माझा चौथा दिवस राहिलाय." आता या बाईशी कोण डोकं लावणार? मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जायचं, चार दिवस. मधला आणि त्याची बायको येतायत. पण आईची अट अशी की तू आणि तुझी दोन्ही मुलं आलात तरच ती घराबाहेर पाय टाकणार.

डॉक्टर हो म्हणाले, पण कपाळाला आठ्या घालून. दोन वर्षांपूर्वी त्या जुलाबांनी तिच्या किडन्या निम्म्यावर आणून ठेवल्या, त्या तिथेच आहेत. "पुन्हा पोट बिघडलं तर या वेळी निभावेल असं मी सांगणार नाही," असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते हे त्यांना कळल्यापासून आईच्या तब्येतीवरची सगळी भाषणं ते मलाच देतात.

तेव्हा नियम. तुला पाठ आहेत, तरी लिहिते, कारण नियम लिहिले की मला जरा बरं वाटतं. पाणी उकळलेलंच, दात घासायलासुद्धा. बर्फ नाही. चिरलेली फळं विकत घ्यायची नाहीत, अख्खी आणायची आणि हात धुऊन आपणच सोलायची. जेवण वाफाळतं असेल तरच ताटात. हात साबणाने धुवायचे, नुसते ओले करायचे नाहीत. जलसंजीवनीची वीस पाकिटं आणून ठेवलीत. मागच्या वेळेसारखं कोणी मध्येच उठून काही विकत

हे वाक्य अर्धंच राहू दे.

आई म्हणते, "तिला सांग, मी तिला केव्हाच माफ केलंय." तिने सांगितलं, मी लिहिलं. येतेस की नाही ते कळव.

ताई


१९ मार्च

धाकटे,

सोळा दिवस झाले. पोस्टमन आता मला बघून आधीच मान हलवतो.

मधल्याशी बोलले. "येऊ दे की," म्हणाला, "फक्त या वेळी दुखणं विकत आणू नकोस म्हणावं." त्याला हा विनोद वाटतो. दोन वर्षं तो हाच विनोद करतोय, लग्नकार्यात, फोनवर, आईच्या समोर. त्याची बायको हसली नाही. मीही हसले नाही, पण गप्प बस असंही म्हणाले नाही. नेहमीसारखंच.

या वेळी दोन किटल्या घेतल्यात, मोठ्या. मागच्या वेळी त्या घरात एकच होती, एक लिटरची, आणि आपण सात माणसं. तुझा नवरा कामामुळे आला नव्हता, नाहीतर आठ. पिण्याचं, दातांचं, आईच्या गोळ्यांचं असं धरून दिवसाला वीस-बावीस किटल्या व्हायच्या. उकळायचं, पातेल्यात ओतायचं, झाकायचं, निवलं की बाटल्या भरायच्या, की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही अंगणात पत्ते कुटत होता आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाफ खात होते. कोणी विचारलं नाही असं म्हणणार नाही. तू विचारलं होतंस. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून म्हणालीस, "ताई, मी बघू का थोडा वेळ?" मी म्हटलं, "तुला नाही जमायचं." मग तू गेलीस. हे तुझ्या लक्षात असेल की नाही, माझ्या आहे.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्या बंधुराजांनी निवलेल्या पाण्याचं अख्खं पातेलं उचलून दाढी केली. विचारलं तर म्हणाला, "तूच म्हणालीस ना की सगळ्याला उकळलेलं वापरा?" गालाला जुलाब होत नाहीत हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

मी दमलेय गं. गुडघे बोलतात. आठ तास दुसऱ्यांच्या नळाचं पाणी तपासायचं आणि घरी येऊन आईचं पाणी मोजायचं, कारण आता तिला जास्तही चालत नाही आणि कमीही चालत नाही. तक्रार नाही. सांगितलं फक्त.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी जे बोलले ते घाईत बोलले. डॉक्टर विचारत होते, "बाहेरचं काय पोटात गेलं?" कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी "बर्फ" म्हणाले. तेवढंच. पुढचं सगळं मधला बोलला.

उत्तर दे. दोन ओळी दे.

ताई


६ एप्रिल

धाकटे,

दोन ओळी मागितल्या होत्या, तू चार दिल्यास. पुन्हा पुन्हा वाचल्या. "येईन, आईसाठी. माफी नको आहे. मुलांसमोर कोणी बर्फाचं नाव काढलं तर आल्या पावली परत जाईन. आणि मी त्या घरातल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, आईच्या पेल्याला हात लावणार नाही."

शेवटची ओळ आईला वाचून दाखवली नाही. नुसतं म्हटलं, येते म्हणाली. तर ती लगेच कपाट उघडून बसली. तुझ्या मुलांसाठी तिने दोन स्वेटर विणून ठेवलेत, मागच्या वर्षीच्या मापाचे. मोठीला होईल का, बाह्या अपुऱ्या पडतील का, असं मला विचारत होती. मला काय माहीत? मीही दोन वर्षांत त्यांना बघितलेलं नाही.

तुझ्या त्या ओळीवर मी खूप चिडले. म्हटलं, मानी आहे, पहिल्यापासून मानी आहे. मग भांडी घासली, आईच्या गोळ्या काढून ठेवल्या, आणि राग कुठे गेला कळलं नाही. आईच्या पेल्याला हात लावणार नाही असं तुला लिहावं लागलं. तुला.

एक गोष्ट लिहिते. त्या दिवशी होडीतून उतरल्यावर धक्क्यावर तू तो बर्फ घातलेला रस घेतलास. तीन पेले. दोन मुलांनी आपापला पेला तळापर्यंत संपवला, तिसरा तू प्यायलीस. आईने तुझ्यातले दोन घोट घेतले, उन्हाने घसा सुकला म्हणून. दोन घोट. आणि तुमच्या तिघांपैकी कोणाच्या पोटात साधा मुरडासुद्धा आला नाही. तू हे दवाखान्यात सांगायचा प्रयत्न केला होतास. "अगं आई, मुलं तर ठणठणीत आहेत," असं म्हणालीस, आणि आई सलाइनच्या बाटलीखालून तुला म्हणाली, "चूक केलीस ती केलीस, वर तोंड करून बोलू नकोस." तू पिशवी उचललीस आणि निघून गेलीस. तेव्हाची गेलीस ती गेलीसच.

सव्वीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला ही साधी गोष्ट दिसायला हवी होती, असं तुला वाटत असेल. दिसली होती.

बाकीचं उद्या लिहिते.

ताई


७ एप्रिल

धाकटे,

कालचं पत्र टाकून आले आणि परत येऊन बसले. आज सुट्टी टाकलीय. आई शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकतेय. सरळ लिहिते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दाढीमुळे पाणी कमी पडलं. सहा बाटल्या भरल्या, सातवी रिकामी राहिली. होडी नऊची होती. मधला गाडीचा हॉर्न वाजवत होता, त्याची बायको टोपी शोधत होती, तुझा मुलगा चपला उलट्या घालून उभा होता. आणखी एक किटली लावायची तर उकळून निवेपर्यंत अर्धा-पाऊण तास. मला फक्त म्हणायचं होतं, थांबा, पुढच्या होडीने जाऊ. किंवा, तू ये गं जरा इकडे. पण दोन दिवस मी कोणाला हातही लावू दिला नव्हता, आता कोणत्या तोंडाने म्हणणार? मी नळ सोडला आणि सातवी बाटली भरली. पर्समध्ये क्लोरीनचे थेंब होते. म्हटलं, होडीत बसल्यावर टाकू, अर्धा तास थांबू, काही होत नाही.

होडीत बसले आणि झोपले. तुम्ही सगळे हसलात मला, मधल्याने फोटोही काढला, आठवतं? तोंड उघडं टाकून झोपलेली तपासनीस बाई. जाग आली तेव्हा आईच्या हातात तीच बाटली होती आणि पाऊण संपली होती.

मी बघितलं आणि काही बोलले नाही. इथे खरं तर पत्र संपायला हवं. तेव्हा बोलले असते तर त्याच दुपारी तिला डॉक्टरकडे नेता आलं असतं, निदान डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवता आलं असतं. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले तेव्हा सकाळचा वेळ आपण "होईल बरं" म्हणण्यात घालवला, तो गेला नसता. पण मला वाटलं, एकदाच प्यायलीय, बहुतेकांना काही होत नाही. मग धक्क्यावर तू रस घेतलास. खोटं कशाला लिहू, तुझ्या हातात तो पेला बघून मला हायसं वाटलं.

पुढचं तर माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. ती बाटली मी टाकून दिली नाही. तळाशी उरलेलं पाणी घरी आणलं आणि प्रयोगशाळेत तपासायला लावलं. नोंदवहीत लिहिलं, घरगुती नळ, नाव नाही. आमची पद्धत तुला एकदा दाखवली होती: जांभळं द्रावण असलेल्या नळ्यांमध्ये ते पाणी घालून उबेत ठेवायचं, पाण्यात घाण असेल तर दोन दिवसांत द्रावण पिवळं पडतं आणि आत बुडबुडा धरतो. सगळ्या नळ्या पिवळ्या पडल्या. एकही सुटली नाही. "पिण्यास अयोग्य" असं मी माझ्या हाताने लिहिलं आणि सही केली.

मग मी काय केलं असेल? नियम काढला. नमुना सहा तासांत पोचला नाही तर आम्ही तो नाकारतो, शिळ्या पाण्याचा निष्कर्ष धरत नाही. ही बाटली चार दिवसांची होती. म्हणजे पुरावा नाही. दोन वर्षं मी या एका नियमावर झोपतेय. नियम खरा आहे, आणि तुझ्या तीन पेल्यांतून तिघं ठणठणीत उठले हेही खरं आहे, आणि त्या बाटलीतून आईशिवाय कोणीच प्यायलं नाही. हे माझ्या हाताखालच्या नव्या मुलीलाही सांगता येईल.

सगळ्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, कारण सगळ्यांनी माझ्यावर ठेवला.

मला माफ कर असं लिहीत नाही. आईने तुला माफ केलंय हे मी पहिल्या पत्रात लिहून पाठवलं, तेव्हाच माफी मागायचा माझा हक्क गेला.

ताई


२२ एप्रिल

धाकटे,

एवढ्या मोठ्या पत्राला तू तीन शब्द पाठवलेस. "आईला सांगितलंस का?" बरोबर आहे. तुला सांगणं सोपं होतं, तू लांब आहेस.

गुरुवारी दुपारी सांगितलं. ती खिडकीपाशी संत्रं सोलत होती. मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि सुरुवातीपासून सांगितलं, किटली, दाढी, नळ, होडी, नळ्या. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. संत्र्याच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोरगी तेव्हा खरं बोलत होती."

"हो."

"आणि मी तिला माफ केलं, माफ केलं म्हणत होते. तू ऐकत होतीस."

"हो."

"पत्रातही लिहिलंस?"

"लिहिलं."

तिने संत्रं तसंच बशीत ठेवलं. मला वाटलं, रडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काठी घेऊन उठली, पाण्याच्या भांड्यापर्यंत गेली आणि पेला भरून उभ्यानेच प्यायली. दोन वर्षांत तिने स्वतःचं पाणी स्वतः घेतलेलं नाही, मी घेऊ दिलेलं नाही. तेव्हापासून रोज तसंच. सकाळी पाणी उकळते मी, गाळते मी, भरून ठेवते मी, आणि ते ती पिते. पण मी पेला पुढे केला की म्हणते, "असू दे तिथे." मी ठेवते. मी खोलीतून गेले की उठते. काठीचा आवाज येतो.

एक-दोन वेळा वाटलं, न सांगते तर? निदान तिची ती चालायची दगदग वाचली असती. बघ, सवय अशी असते.

मधल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला उकरून काढलंस हे? सगळं शांत झालं होतं." मी म्हटलं, शांत झालं होतं कारण धाकटी घरात नव्हती. तेव्हा त्याने मान खाली घातली. तुला फोन करायचा म्हणतोय. शब्द सापडायला त्याला वेळ लागेल, तू वाट बघू नकोस आणि उचलायचं टाळूही नकोस.

आईने तुला फोन केला ते मला कळलं. दार लावून घेतलं होतं. पाऊण तास. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते आणि चेहरा मात्र कितीतरी वर्षांनी उतरलेला नव्हता. तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही. तिने फक्त एवढंच सांगितलं की स्वेटर मोठे करायला हवेत.

ताई


४ मे

धाकटे,

हे पत्र आईच्या औषधांच्या पिशवीत ठेवतेय, वरच, तुझ्या हाताला लागेल असं. सकाळचे आठ वाजलेत. तू नऊला येणार म्हणालीस, ती सातपासून तयार होऊन बसलीय.

मी येत नाही. तू लिहिलं होतंस, "यायचं की नाही ते तुझं तू बघ." बघितलं. तिथे मी असले की पाण्याकडे बघताना सगळे माझ्याकडे बघतील, आणि आईचा चौथा दिवस त्यात जाईल. मला कोणी हाकललेलं नाही, असं कोणाला वाटू देऊ नकोस.

तेव्हा पाणी तुझ्याकडे. दोन्ही किटल्या निळ्या पेटीत आहेत. पाण्याला चांगल्या उकळ्या फुटू द्यायच्या आणि त्यानंतर एक मिनिट थांबायचं, किटली आपणहून बंद झाली तरी पुन्हा चालू करायची. निववायला झाकण ठेवून, बर्फात किंवा नळाखाली बाटली धरून नाही. थेंब टाकले तर अर्धा तास, आई कितीही तहानलेली असो. मधल्याच्या दाढीला वेगळी बादली, आणि ती दाखवून दे, सांगून भागणार नाही. जुलाबाची नुसती शंका आली तरी जलसंजीवनी सुरू करायची आणि डॉक्टरांना फोन, "बघू संध्याकाळपर्यंत" असं कोणी म्हणालं तर ऐकायचं नाही. नंबर पिशवीच्या आत शिवलाय.

हे तू सगळं करशीलच. तुला जमणार नाही असं मी एकदा म्हणाले होते, ते साफ चुकीचं होतं. मला भीती वेगळीच आहे. दोन दिवस सगळं नीट होईल, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुला कंटाळा येईल. तेव्हा मोठ्याने सांग. वहिनीला बसव स्टुलावर, तुझ्या मोठीला बसव, होडी चुकू दे. दमले म्हणायला लाज वाटू देऊ नकोस. मला वाटली होती, आणि तिची किंमत तुला भरावी लागली.

आताच आईने विचारलं, "तुझी बॅग कुठाय?" मी म्हटलं, रजा मिळाली नाही. मी अर्जच केला नाही हे तिला माहीत आहे, परवा मला फोनवर बोलताना तिने ऐकलंय. ती "बरं" म्हणाली आणि चपला घालायला वाकली. पट्टा तिच्या बोटांना लागत नव्हता, सूज आहे थोडी. ती दोनदा झटली. मग मी खाली बसले, तिचा पाय धरला आणि पट्टा लावला.

तिने पाय मागे घेतला नाही.

खाली गाडी थांबली वाटतं. पिशवी बंद करते.

ताई